पाचवीचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुनं सूप आहे. बांबूचं, एका कडेला उसवलेलं आणि बोलायला लागलं की लवकर न थांबणारं. पण सध्या माझं ऐकायला कुणी नाही. एका बंद दाराशेजारच्या खिळ्याला मी लटकते आहे. वारा आला की भिंतीवर आपटते, तेवढाच काय तो आवाज.

माझा जन्म कारंजा घाडग्याचा. हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न ऐकत तानबा बुरुडानं मला विणलं, मेथी आणि कागदाचा लगदा अंगाला लिंपला आणि उन्हात वाळवलं. बाजारच्या दिवशी आनंदाबाईनं मला बोटानं टकटक वाजवून पाहिलं आणि घरी आणलं.

आनंदाबाई वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायची आणि कारंज्याच्या बाजारात विकायची. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. मी तिच्या तुरी पाखडायचे, डाळ निवडायला मदत करायचे. तिच्याशी बोलणारं घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ती माझ्याशीच बोलायची.

आमच्या गावात मूल जन्मलं की पाचव्या दिवशी पाचवी पुजतात. सुपात धान्य पसरून, वर फडकं टाकून बाळाला निजवतात आणि हळदकुंकू वाहतात. एकदा गल्लीतलं एक अशक्त बाळ माझ्यात निजलं आणि महिन्याभरात चांगलं गुटगुटीत झालं. तेव्हापासून जो तो मलाच मागायला येऊ लागला. खोटं कशाला सांगू, मला त्याचा भारी गर्व होता. प्रत्येक बाळाचं थोडं थोडं कुंकू माझ्या विणीत अडकून राहिलं. आनंदाबाईनं ते कधी धुतलं नाही. म्हणायची, "लेकरायचं आहे, राहू दे."

शेजारी बापूराव आणि गोपिका राहायचे. त्यांचाही धंदा भाजीपाल्याचाच. त्यांची आचलही माझ्यातच निजली होती. पोरगी चालायला लागली आणि तिनं थेट आमचं अंगण गाठलं. आनंदाबाईला ती 'आनंदामाय' म्हणायची. संध्याकाळी गोपिका न्यायला आली की भोकाड पसरायची. बाजारात गिऱ्हाईक आधी आनंदाबाईची वांगी विचारायचं आणि घरी पोटची पोर तिलाच बिलगायची. गोपिका वाईट नव्हती हो. पण तिच्या पोटात दुखू लागलं होतं, आणि ते मला दिसत होतं.

त्या दिवशी आनंदाबाई मला गोपिकेच्या तुरी पाखडायला देऊन गेली. आचलला खोकला होता. गोपिकेला खोकल्याच्या औषधाचं मापाचं टोपण सापडेना. खिडकीत वांग्यांवरच्या फवारणीच्या औषधाचं टोपण होतं. त्याच टोपणानं बापूराव ते औषध मोजून पंपात टाकायचे. तिनं ते दोनदा धुतलं, त्यात खोकल्याचं औषध ओतलं आणि पोरीला पाजलं. मी समोरच भिंतीला टेकून होते.

थोड्याच वेळात आचलच्या तोंडातून लाळ गळू लागली, ओकाऱ्या सुरू झाल्या. आरडाओरडा ऐकून आनंदाबाई धावत आली. तिनं पोरीचं तोंड हुंगलं आणि किंचाळली, "बापूराव, फवारणीचा वास येऊन राह्यला! गाडी काढा!" सावंगीच्या दवाखान्यात डॉक्टरांना तेच सांगितलं, उपचार झाले आणि पाचव्या दिवशी आचल हसत घरी आली. माझा जीव भांड्यात पडला.

मग बाया विचारायला आल्या. औषधाची बाटली तर उंच फळीवर होती, मग पोरीच्या पोटात गेलं कसं? गोपिका पांढरीफटक पडली. खालमानेनं म्हणाली, "आनंदाबाई आलती ना सूप घेऊन. ती गेली अन् लगेच..."

ती एवढंच बोलली. उरलेलं वाक्य गावानं पूर्ण केलं.

दुसऱ्या दिवशी पारावर माणसं जमली, मलाही तिथं नेलं. रूपराव गावातले मोठे. त्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं. "वासावरून हिलेच कसं कळलं? अन् सुपात एवढं कुंकू काहाले? हे करणीचं सूप आहे!"

आनंदाबाई म्हणाली, "रूपरावजी, याच्यात तुमच्या नातवाचं बी कुंकू आहे."

रूपरावांनी तोंड फिरवलं. ज्यांची लेकरं माझ्यात निजली होती, ती सगळी माणसं तिथं उभी होती. एकही बोललं नाही. आनंदाबाई गोपिकेकडे बराच वेळ बघत राहिली. गोपिका पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती.

नंतर आनंदाबाईशी कुणी बोलेना, कौलांवर दगड पडू लागले. ती घराला कुलूप लावून पुलगावला बहिणीकडे निघून गेली. मला जाळायचं ठरलं होतं. "मी जाळते," म्हणत गोपिकेनं मला नेलं, पण काडी ओढायची तिची हिंमत झाली नाही. तिनं मला गोठ्याच्या माळ्यावर कुटाराखाली, गुरांच्या भुशात दडपलं. दीड वर्ष मी तिथं पडून होते. उंदरांनी कड कुरतडली. मला अंधाराचं काही वाटलं नाही, आनंदाबाईच्या आवाजाची मात्र फार आठवण यायची.

मग गोपिकेला मुलगा झाला. पाचवीला बापूरावांनी नवं कोरं सूप आणलं. पण तिला त्यात बाळ ठेववेना. ती ओली बाळंतीण तशीच गोठ्यात आली आणि मला खाली काढलं.

"हे जाळलं नाई काऊन?" बापूराव चकित झाले.

"अजी, टोपण मीच घेतलतं," ती रडत म्हणाली. "फवारणीचं. धुतलतं मी. लई धुतलतं."

बापूराव दुसऱ्याच दिवशी पुलगावला गेले आणि एकटेच परत आले. आनंदाबाईनं निरोप दिला होता, "मले काय सांगता? मले त्याच दिवशी खिडकीत टोपण दिसलतं. गोपिका सांगन, म्हणून मी चूप राह्यली. मायवर लेकराले इख पाजल्याचा आळ कोण टाकते? आता गावाले सांगा."

सव्वा महिना झाल्यावर गोपिका मला घेऊन पारावर गेली. तिनं सगळं सांगितलं. कुणी तिला शिव्या दिल्या नाहीत. माणसं माझ्याकडे बघत होती, आपापल्या लेकराचं कुंकू शोधावं तशी. रूपराव काठी टेकत घरी गेले.

तिथून येऊन गोपिकेनं मला आनंदाबाईच्या दाराशेजारी टांगलं. रोज ती हे अंगण झाडते. आनंदाबाई अजून आलेली नाही. येईल की नाही, मला माहीत नाही. आचल मात्र रोज येते, कुलूप हलवून बघते आणि विचारते, "आनंदामाय, उठली का?"

मित्रांनो, मी सगळं पाहिलं होतं, पण मला तोंड नव्हतं. पारावरच्या त्या माणसांना होतं, आणि तुम्हालाही आहे.