खमीर घातलेले दोन पाव

ज्यू प्रार्थनालयामागच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं सासूबाईंचा शब्द चालायचा. मुलांचा धर्मवर्गही त्याच घ्यायच्या. यंदा गुडघ्यांनी दगा दिला म्हणून तो सुनेकडे आला, तोही तात्पुरता. "शावुओतचा धडा कसा घेतेस बघते, मग ठरवू," त्यांनी बजावलं होतं.

पेसाख, म्हणजे गुलामीतून सुटल्याचा सण. त्यानंतर सात आठवड्यांनी शावुओत येतो. त्या दिवशी पूर्वी ज्यूंच्या प्राचीन मंदिरात नव्या गव्हाचे दोन पाव अर्पण होत. तसेच पाव मुलांना दाखवायचे, असा सुनेचा बेत होता. सणाच्या आदल्या सकाळी कणीक फडक्याखाली टम्म फुगली होती. सुनेचा एक डोळा तापल्या ओव्हनवर, दुसरा टेबलाखाली पिठात बोटं बुडवणाऱ्या तीन वर्षांच्या लेकीवर.

सासूबाईंनी फडकं उचललं आणि हात झटकन मागे घेतला.

"अगं, हे फुगलंय!"

"हो आई. खमीर घातलंय."

"अर्पणाला खमीर? वेदीवर खमीर चढत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. माझ्या ओव्हनमध्ये हे जायचं नाही. बिनखमिराचं लाट, वर्गाला अजून तास आहे."

गॅस बंद केलाय का हे तीनदा बघणारी ही सून. ग्रंथातलं 'दोन पाव खमीर घालून भाजावेत' हे वचनही तिनं त्याच सवयीनं चारदा वाचलं होतं. तिनं पीठ लागलेला हात पदराला पुसला आणि पुस्तक उघडून पुढे केलं.

सासूबाईंनी चष्मा लावला. ओठ हलवत वाचलं, पुन्हा वाचलं.

"मग वेदीचं काय?"

"तुमचंही बरोबरच आहे. हे वेदीवर जात नसत. मंदिरातले याजक ते हातात धरून हलवत, मग खात. पेसाखला पळायची घाई, फुगायला सवड कुठली? आणि फुगणं म्हणजे ताठा, तोही नको, म्हणून खमीर वर्ज्य. सात आठवडे स्वतःला वळण लावल्यावर तेच खमीर देवापुढे न्यायला हरकत नाही. मला तरी त्याचा अर्थ असाच लागतो."

"वळण सात आठवड्यांत? तुला फडकं जागेवर ठेवायला सात वर्षं लागली."

"म्हणून तर माझी कणीक एवढी फुगली, आई."

सासूबाईंना हसू फुटलं, ते त्यांनी पदरात दाबलं. "बाजूला हो. मागचा कोपरा जास्त तापतो, तुला माहीत नाही," म्हणत त्यांनी दोन्ही पाव स्वतः आत सारले.

एक पाव जरा कलला, पण दोन्ही खरपूस झाले. वर्गात सासूबाईंनीच ते उंच धरून हलवले. पुढच्या बाकावरची चष्मेवाली मुलगी लगेच म्हणाली, "आजी, तुम्हीच सांगितलं होतंत, खमीर चालत नाही!"

फळ्याजवळ उभ्या सुनेचा खडू थांबला.

सासूबाईंनी पाव टेबलावर ठेवले, मुलांच्या बाकावर जागा करून गुडघे सांभाळत बसल्या आणि फळ्याकडे बोट केलं.

"मला काय विचारतेस? आता तुमच्या बाईंना विचार."