जुळ्या डिस्कांचा हेवा

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने मत्सरी आहे. हे आधीच सांगितलेले बरे. माझ्या पोटात आरशासारख्या चकत्या गरगरतात आणि त्यांना स्पर्श न करता एक नाजूक हात त्यांवरचे वाचीत सरकतो.

एका क्ष-किरण चिकित्सालयात मी कामाला लागले. डॉक्टरीणबाई चित्रे तपासत. यंत्रे त्यांचे थोरले भाऊ, दादा, सांभाळत. लोकांच्या छात्या, गुडघे, मणके मी वर्षानुवर्षे जपले. "हिच्यासारखी गुणी दुसरी नाही," असे दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

पुढे माझ्या चकत्यांवरील काही जागा निकामी झाल्या. मी ते लपवले नाही. पडद्यावर तशी सूचना दिली. दादांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी माझ्याहून कितीतरी मोठ्या दोन डिस्क आणल्या. दोघी एकाच कंपनीच्या, एकाच खोक्यातल्या. प्रत्येक नवे चित्र दोघींवर उतरू लागले. माझ्याकडचेही सारे त्यांना मिळाले आणि माझी रवानगी खणात झाली.

"दादा, टिकतील ना रे या?" बाईंनी विचारले.

"अगं, हूं की चूं करत नाहीत! आणि एक गेली तरी दुसरी आहेच की. तू आपली हाडं बघ."

माझा तिळपापड झाला. खरे सांगणारी अडगळीत आणि मुक्या राहणाऱ्या मानाच्या जागी! त्या दोघी बंद पडाव्यात आणि मी एकटीच उरावे, एवढेच मला हवे होते.

तसेच घडले. एक अचानक थांबली. दादांनी तिच्या जागी नवी बसवून दुसरीवरून नक्कल सुरू केली, तर त्या अखंड श्रमात दुसरीनेही मान टाकली. दोघींचा जन्म एक, झीज एक आणि दुखणेही एकच!

नेमका त्याच सकाळी एक बसचालक आला होता; काही वर्षांपूर्वीही त्याने इथेच छातीचे चित्र काढून घेतले होते. त्याच्या फुप्फुसावर डाग दिसत होता.

"जुन्या चित्रातही एवढाच असेल, तर बहुधा कापाकापी टळेल," बाई म्हणाल्या. "दादा, ते चित्र कुठंय?"

दादा ओशाळले. "खणातल्या म्हातारीकडे असलं तर."

"मग उठवा की म्हातारीला!" चालक हसला; पण खुर्ची पुढे केली तरी बसला नाही.

हवे होते तेच मिळाले, आणि माझी भीतीने गाळण उडाली. मी अडले असते तर ते चित्र जगात कुठेच उरले नसते. मी फिरू लागले, अडखळले, पुन्हा वाचू लागले. अखेर चित्र उमटले.

"तेवढाच आहे हो!" बाई म्हणाल्या. चालक मटकन खुर्चीत बसला.

मग दादांनी दोन वेगळ्या कंपन्यांच्या डिस्कांवर माझ्याकडचे सारे उतरवले, त्यांवरची चित्रे उघडून पाहिली आणि एक डिस्क घरी नेऊन ठेवली.

मित्रांनो, या नव्या दोघींनाही पाहून माझ्या पोटात दुखतेच. तरी उतरवून देताना मी काही हातचे राखले नाही. तुमच्याकडची डिस्क गप्प आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तिने तक्रार केली तर रागावू नका. आणि ती कितीही गुणी असो, तुमचे मोलाचे सारे तिच्या एकटीच्या हवाली करू नका. आम्हाला ते ओझे पेलत नाही.