सहावा दोर

“अकराला,” स्वेरे म्हणाला आणि बिनतारी यंत्र टेबलावर ठेवलं. “त्याआधी नाही. कप्तान म्हणतो, धुकं उठेपर्यंत बाहेरच थांबतो. अकरालाही जमलं नाही, तर तो सरळ पुढच्या बंदराला निघून जाणार.”

हेर्लॉगने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाआठ. नारिंगी जाकिटाच्या आत तिने काळा पोशाख घातला होता आणि काळे बूट पिशवीत ठेवले होते. ठरलं होतं ते असं: सातला जहाज येईल, आठपर्यंत दोर बांधून ती मोकळी होईल, घरी जाऊन कॉफी घेईल आणि अकराला मैत्रिणीला, एडेलला, शेवटचं पोहोचवायला चर्चमध्ये जाईल.

“रॉल्फ खुब्याच्या ऑपरेशनला ट्रोम्सोला गेलाय,” स्वेरे म्हणाला. तो बंदराचा प्रमुख होता, पण वाईट बातमी सांगताना टेबलावरची पेन्सिल सरळ करत बसायचा. “दोर घ्यायला नियमाने चार माणसं लागतात. तुला वगळलं तर तीन.”

“मोजता येतं मला.”

“मी सांगत नाहीये, हेर्लॉग. विचारतोय.”

“सांगतोच आहेस. आवाज तेवढा मऊ केलायस.”

स्वेरेने पेन्सिल आणखी सरळ केली. हंगामातलं हे पहिलं प्रवासी जहाज. पहिलंच माघारी गेलं, तर पुढच्या आठ जहाजांचं काय होईल हे दोघांनाही ठाऊक होतं. समाजमंदिरात बायकांनी पहाटेपासून वाफल भाजायला घेतले होते.

धुक्यात नवल काही नव्हतं. जूनच्या सुरुवातीला इथलं पाणी पाच अंशांवर असतं. दक्षिणेकडून बारा-तेरा अंशांची हवा त्यावरून सरकली, की दोनेक तासांत स्टाइनवोग बंदराचा धक्काही दिसेनासा होतो. वारा फिरला की धुकं निघून जातं. वारा कधी फिरेल, एवढंच कुणाला सांगता येत नाही.

हेर्लॉग बाहेर आली. खोपटाच्या बाजूचा झेंडा तिनेच सकाळी चढवला होता, आधी टोकापर्यंत आणि मग अर्ध्यावर, दफनाच्या दिवशी सगळं गाव चढवतं तसा. धुक्यात तो ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता.

तिने एडेलच्या मुलाला फोन लावला.

“तोर्मोद, जहाज अकराला येतंय.”

पलीकडे कुणीतरी कपबशा मांडत होतं. “आमचंही अकरालाच आहे,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“पुढे ढकलता येणार नाही गं. पाद्रीबाईंना एकची फेरी गाठायचीये. पलीकडच्या बेटावर बारसं आहे.”

“ढकल असं मी म्हणतच नाहीये.”

“मग पेटीचा तुझा दोर?”

“तेच सांगायला फोन केला. दुसरं कुणीतरी बघ.”

“बघतो,” तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

एडेल आणि हेर्लॉग मासळीच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं शेजारी शेजारी उभ्या राहिल्या होत्या. खालून दिवा लावलेलं काचेचं टेबल, त्यावर कॉडचा काप, आणि त्यातून काटे आणि अळ्या शोधून काढायच्या. यंत्रांच्या आवाजामुळे कानांवर टोप्या असत, म्हणून दोघी एकमेकींच्या ओठांवरून बोलणं ओळखायला शिकल्या. पुढे घरी, शांत स्वयंपाकघरात बसूनही त्या अधूनमधून आवाज न काढता बोलायच्या आणि तोर्मोद वैतागायचा. मग कारखाना बंद झाला. दोर घेण्याचं शिक्षण सुरू झालं, तेव्हा एडेलनेच तिचं नाव घातलं. “माझी कंबर गेली, तुझी शाबूत आहे,” ती म्हणाली होती. “घरी बसून विणायला लागलीस, तर मी तुला ओळखसुद्धा दाखवणार नाही.” तेव्हा हेर्लॉग अठ्ठावन्न वर्षांची होती. आता सदुसष्ट.

एप्रिलमध्ये इस्पितळात एडेलने मोजून सहा नावं सांगितली होती. शवपेटीला सहा कड्या, सहा माणसं. खड्ड्यापाशी पोहोचल्यावर तीच सहा माणसं दोर धरून पेटी खाली सोडतात. सहावं नाव हेर्लॉगचं, बाकीचे पाचही पुरुषच होते.

“लोक बोलतील,” हेर्लॉग म्हणाली.

“बोलू देत. दोर सोडायचा परवाना त्यांच्यातल्या किती जणांकडे आहे? आणि हळू सोड हं. मला धक्का नकोय. जन्मभर बसमध्ये धक्केच खाल्लेत मी.”

त्या दिवशी उठताना हेर्लॉगच्या तोंडून अर्धं वाक्य निघून गेलं होतं. “सगळ्याबद्दल—”

“ए!” एडेलने उशीवरून मान उचलली. “अजून जिवंत आहे मी. ‘आजच्याबद्दल आभार’ म्हण आणि चालायला लाग.”

या किनाऱ्यावर माणसं प्रत्येक गोष्टीचे वेगवेगळे आभार मानतात. जेवणाबद्दल, सोबतीबद्दल, मागच्या भेटीबद्दल, आजच्या दिवसाबद्दल. ‘सगळ्याबद्दल आभार’ मात्र फक्त खड्ड्यापाशी म्हणतात. फुलांच्या चक्रावरच्या फितीवर ते लिहितात, दगडावर कोरतात. चालत्याबोलत्या माणसाला ते कुणी म्हणत नाही.

हेर्लॉगने “आजच्याबद्दल आभार” म्हटलं आणि ती बसने परत आली. पुन्हा भेट झाली नाही. म्हणून ते शब्द तिच्याकडेच राहून गेले होते, आज दोर सोडताना म्हणायचे म्हणून.

पावणेअकराला वारा फिरला. आधी धक्क्याचं टोक दिसू लागलं, मग दीपगृह, आणि मग पांढऱ्या भिंतीसारखं जहाज. गावातल्या सगळ्यात उंच घराच्या चौपट.

“आली बघ म्हातारी नटूनथटून,” आस्लाक म्हणाला. तो आणि हेर्लॉग जहाजाच्या मागच्या टोकाचे दोर घेत. बाकीचे दोघे पुढच्या. आस्लाकने जन्म मासेमारी बोटींवर काढला होता आणि प्रवासी जहाजांबद्दल त्याला आदर नव्हता. “तुला जायचं असेल तर जा. मी दोन माणसांचं काम करतो.”

“तुझ्या खांद्याने?”

“खांद्याला काय झालंय?”

“काल जाकीट घालायला मला हाक मारलीस.”

चर्चची घंटा अकराला वाजली. जहाजावरून बारीक दोर भिरभिरत आला, त्याच्या टोकाचा गोळा धक्क्यावर आपटून उसळला. हेर्लॉगने तो पायाने दाबला आणि ओढायला सुरुवात केली. बारीक दोरामागून मनगटाएवढा जाड दोरखंड पाण्यातून येतो. भिजल्यावर त्याचं वजन दुपटीच्या जवळ जातं. हाताने ओढायचं नसतं, अंगाचा भार मागे टाकायचा असतो. दोरखंडाचं कडं लोखंडी खुंटात अडकवायचं आणि लगेच बाजूला व्हायचं, कारण ताण आला की दोर कुणाची ओळख ठेवत नाही. असे मागच्या बाजूला सहा.

सहावा खुंटात पडला, तेव्हा घंटा पुन्हा वाजू लागली. म्हणजे पेटी चर्चमधून बाहेर निघाली होती. हेर्लॉग खुंटाशेजारी उभी राहिली. ताण बघायचा असतो, म्हणून तिथे उभं राहणं कामातच मोडत होतं. आस्लाकने टोपी काढली.

वीसेक मिनिटांनी टेकडीवरचा चर्चचा झेंडा अर्ध्यावरून वर सरकला आणि टोकाला जाऊन थांबला. दफन झालं होतं. ते बघून शाळेचा झेंडा वर गेला, मग दुकानाचा, मग उतारावरच्या घरांचे, एकामागून एक. वाऱ्यावर ते सगळे एका बाजूला फडफडू लागले.

जहाजाच्या कठड्याला ओळीने माणसं उभी होती. आधी दोघाचौघांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळा मजला वाजवू लागला. कुणीतरी शिट्टी मारली.

“त्यांना वाटलं…” आस्लाक म्हणाला.

“वाटू दे.”

स्वेरे लगबगीने आला. “हेर्लॉग, आपला झेंडा राहिला. वर घेऊ का?”

“नको. राहू दे.”

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि तो परत गेला.

शिडी लागली. पहिल्या उतरणाऱ्यांत निळ्या टोपीची एक म्हातारी बाई होती. धक्क्यावर पाय ठेवताच तिने हेर्लॉगचा हात धरला आणि इथल्या भाषेत मोठ्याने म्हणाली, “जेवणाबद्दल आभार!”

“काय वाढलंस गं तिला?” आस्लाकने मागून विचारलं.

“ते जेवल्यावर म्हणायचं,” हेर्लॉग हळूहळू, शब्द सुटे करून म्हणाली.

“ओ!” बाईने वही काढून लिहून घेतलं. “मी जर्मनी. कासेल. भाषा शिकले, आठ संध्याकाळ. पुस्तक आहे.” मग तिने गावाकडे हात केला. “झेंडे! आमच्यासाठी?”

खरं सांगायला चार शब्द पुरले असते. पण बाईच्या मागे चारशे माणसं उतरायची होती.

“छान दिसतात,” हेर्लॉग म्हणाली.

“आणि हा?” बाईने खोपटाशेजारच्या झेंड्याकडे बोट केलं. “हा अर्धा. दोर… अडकला?”

“हो,” हेर्लॉग म्हणाली. “दोर अडकलाय.”

दोनच्या सुमारास तोर्मोद आला. काळ्या कोटात, हातात रुमालाने झाकलेली बशी. समाजमंदिरात एका खोलीत प्रवाशांना वाफल विकणं चाललं होतं आणि दुसऱ्या खोलीत एडेलच्या आठवणींचं जेवण.

“दोन जपानी आत आले,” तो म्हणाला. “आईच्या फोटोसमोर वाकून नमस्कार केला, केक खाल्ला आणि पैसे द्यायला लागले. पाद्रीबाई निघून गेल्या होत्या, नाहीतर त्यांनी भाषणच करायला लावलं असतं.”

हेर्लॉगने केक घेतला. दोघं खोपटाच्या पायरीवर बसली.

“माझ्या जागी कोण होतं?” तिने विचारलं.

“कोणी नाही.”

तिने त्याच्याकडे पाहिलं.

“विचारलं असतं तर चौघे तयार झाले असते. मी विचारलंच नाही. पाच जणांनी उचलली. आई काही जड राहिली नव्हती.” तो बूट पायरीवर घासत राहिला. “डावीकडे जरा कलली. पण ती चालायचीही तशीच.”

“आणि खाली सोडताना?”

“पाच दोरांवर सोडली. तुझा दोर गुंडाळून पेटीवर ठेवला होता, तो तसाच गेला खाली. कबरी खणणारा चिडलाय. म्हणतो, नवा दोर होता, कोण भरून देणार?”

हेर्लॉग हसली. बराच वेळ हसली आणि मग तिने रुमालाने तोंड पुसलं.

“धक्का बसला का?”

“थोडा. शेवटी.”

“मला वाटलंच.”

तोर्मोद उठला. “सकाळी फोन ठेवला मी. राग आला होता.”

“यायलाच हवा होता.”

“आई काय म्हणाली असती?”

हेर्लॉगने आवाज न काढता ओठ हलवले. तोर्मोदला ते लहानपणापासून कधी वाचता आलं नव्हतं. “काय?” त्याने विचारलं.

“म्हणाली असती, जहाज काय थांबणारे?”

त्याने मान हलवली आणि तो बशी घेऊन गेला.

चारला माणसं परतू लागली. हातांत लोकरी मोजे, वाळवलेल्या कॉडची पाकिटं. निळ्या टोपीची बाई शेवटच्यांत होती. शिडीपाशी येऊन ती थांबली, वही उघडली, एक पान उलटलं आणि वही मिटून टाकली. हे वाक्य तिने पाठ केलं असावं. तिने हेर्लॉगचे दोन्ही हात हातात घेतले आणि स्वच्छ, अगदी बरोबर उच्चारात म्हणाली,

“सगळ्याबद्दल आभार.”

आस्लाक दोर गुंडाळायचा थांबला.

बाई हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होती. या वाक्यालाही काही उत्तर असणार, हे तिला पुस्तकाने शिकवलं होतं. ‘जेवणाबद्दल आभार’ला उत्तर असतं, ‘मागच्या भेटीबद्दल आभार’लाही असतं. या वाक्याचं उत्तर हेर्लॉगने कधी ऐकलं नव्हतं. ते ज्याला म्हणतात, तो काही बोलत नाही.

“तुझेच आभार,” ती म्हणाली. आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले.

बाईने मान डोलावली, जणू नीट ऐकू आलं होतं, आणि कठडा धरत वर चढून गेली.

“तिला सांगायला हवं होतंस,” थोड्या वेळाने आस्लाक म्हणाला. “पुढच्या बंदरात कुणीतरी घाबरून मरेल.”

“दोर सैल होतोय. तिकडे बघ.”

साडेचारला त्यांनी दोर सोडले. कडं खुंटातून उचलून पाण्यात टाकायचं, मग जहाज ते ओढून घेतं. शेवटचा दोरखंड वर गेला आणि जहाज आणि धक्क्याच्या मधे पाण्याची एक पट्टी दिसू लागली. हात-दोन हात, मग घराएवढी.

हेर्लॉग खोपटाशेजारी गेली. हातमोजे काढून तिने जाकिटाच्या खिशात ठेवले. खुंटीवरचा दोर सोडला आणि ओढायला लागली. झेंडा एकेक वीत वर जात होता. टोकाशी चाकाला दोर किंचित अडतो, तिथे सगळेच झटका देतात. ती थांबली, दोर थोडा सैल सोडला आणि परत ओढला. झेंडा आवाज न करता टोकाला पोहोचला.

जहाजाच्या कठड्याशी निळी टोपी हलली. वारा तिकडून इकडे होता, म्हणून बाईचा आवाज पाण्यावरून नीट ऐकू आला.

“सुटला!” ती ओरडत होती. “दोर सुटला!” आणि टाळ्या वाजवत होती.

हेर्लॉगने एक हात वर केला. दुसऱ्या हातातला दोर तिने अजून धरून ठेवला होता.