खाऊन सुजलेली नाही

नवापूरजवळच्या पोल्ट्रीवर त्या दिवशी माल उचलायला सुरतेचे व्यापारी आले होते. पक्ष्यांची वजनं झाली, चहा झाला आणि हेमराजला चेष्टेची लहर आली. काटा बरोबर आहे का बघू, म्हणत त्याने बायकोला, नूतनला, काट्यावर उभं केलं.

"मन्हा शेडमा समदासपेक्षा जड पक्षी हाऊच शे!"

व्यापाऱ्यांनी दात काढले. नूतनच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण चार माणसांत काय बोलणार? कपबशा उचलून ती आत गेली.

आत सासू होतीच, तापीबाई. "कितलं खाशी व माय?" असं ती शेजारणींसमोर विचारायची. खायची काय कर्माची? अर्धी भाकर आणि भाजीचं पाणी! तरी अंग सुटतच चाललं होतं. केस मूठमूठ गळत, भर मे महिन्यात हात गार पडत, दुपारी बसल्या जागी डोळे मिटत. डॉक्टरकडे न्या, असं ती वर्षभर म्हणत होती. "पहिले तोंड बंद कर," हे हेमराजचं ठरलेलं औषध. फुकटचं होतं ना!

पुढच्या लॉटमध्ये काही पक्षी एकदम फुगले. कामावरचा बाज्या खूश, म्हणे मस्त खाताहेत. हेमराजने एक पक्षी उचलून पोट दाबलं आणि तो खेकसला, "हाई खाईसन नही सुजेल, गधडा! पोटमा पानी शे. रोग शे हाऊ. डॉक्टरले फोन लाव!"

अर्ध्या तासात कोंबड्यांचा डॉक्टर हजर.

मग मात्र नूतनच्या अंगाचा तिळपापड झाला. हातातली खाद्याची पाटी तिने तिथेच आदळली.

"पक्षी सुजना ते तुम्हले रोग दिसना. मी सुजनी ते मन्हं तोंड दिसनं? कोंबडीले डॉक्टर, अन् माले उपास?"

डॉक्टर मान खाली घालून पिशवीत काहीतरी शोधू लागला. नूतन सरळ गाडीत जाऊन बसली. परक्यासमोर तमाशा नको म्हणून हेमराजने दातओठ खात गाडी दवाखान्याकडे काढली.

दोन दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला. नवापूरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी मंदावलीय. शरीराची चूलच बारीक पेटतेय, म्हणून कमी खाऊनही वजन वाढतं, अंगात पाणी साठतं. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घ्या. डाळ-भाजी नीट खा, चाला, पुरेसं झोपा. उपासाने हा आजार जात नाही." मग त्यांनी हळूच विचारलं, "कधी दिवस गेले होते?"

"गेल्या वर्षी. तिसऱ्या महिन्यात पडलं."

"तेव्हा थायरॉइड तपासला होता?"

कोण तपासणार? तापीबाईने तेव्हा साऱ्या गल्लीत सांगितलं होतं की एवढ्या चरबीत पोर गुदमरलं. नूतननेही ते खरं मानलं होतं, उशीत तोंड खुपसून स्वतःलाच शिव्या दिल्या होत्या.

"त्यानेच पडलं, असं आज सांगता येणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण यानेही गर्भ पडतो. वेळेवर गोळी मिळाली असती, तर धोका कमी झाला असता."

हेमराज खुर्चीत पुढे सरकला. "मग मॅडम, वजन किती दिवसांत उतरेल?"

नूतनने रिपोर्ट उचलून त्याच्या हातात ठेवला. तिचा आवाज चढला नाही.

"पहिले घर चाला. ज्या गल्लीमा तुम्हनी मायनी माले बदनाम करं, तठे उभा ऱ्हाईसन समदासले सांगा, पोर मन्हा खावामुळे नही गयं."