एक कासव जास्त

मालवणच्या बाजारपेठेत, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर कासव राखणाऱ्या गटाची खोली होती. खोलीत दोन कॉम्प्युटर, खडखडणारा पंखा आणि संचिता मयेकर. चार वर्षांपूर्वी तिनेच गटासाठी नोंदींचा प्रोग्राम बनवला होता. कासव कुठल्या तारखेला किनाऱ्यावर चढलं, घरट्यात अंडी किती, पिल्लं कधी निघाली, आणि कासवाच्या पुढच्या पायाला धातूचा बिल्ला असला तर त्याचा नंबर. स्क्रीन, नोंदी, अहवाल असं सगळं एकाच फाईलमध्ये. तेव्हा एकट्या देवबागचं काम होतं, त्यामुळे ते चालून गेलं.

पुढे तळाशीलचा किनाराही गटात आला आणि भांडण सुरू झालं.

देवबागचे राखणदार गुरुदासकाका. पन्नास वर्षं मासेमारीत घालवलेला माणूस, माऊस मात्र विंचू धरावा तसा धरायचे. तळाशीलच्या तुळसामावशी वहीतलं एक अक्षर इकडचं तिकडे होऊ द्यायच्या नाहीत. दोघंही बाजाराच्या दिवशी येऊन आपापल्या नोंदी भरायचे. जानेवारीत एकदा काकांनी आपली चुकलेली नोंद पुसायला घेतली आणि तळाशीलची अकरा घरटी पुसून टाकली. संचिताने आदल्या आठवड्याच्या प्रतीवरून ती परत आणली, पण मावशींचा राग काही उतरला नाही.

"माझी घरटी ह्येंच्या घरट्यांत नको गो," मावशींनी बैठकीत बजावलं. "माका माझी वेगळी फाईल होयी."

"माका पण होयी," काका म्हणाले. "हिच्या शेजारी बसान माझो हात थरथरता."

एक फाईल देवबागची, एक तळाशीलची, असं ठरलं. संचिताच्या मनाला ते पटत नव्हतं. दोन फायली म्हणजे प्रत्येक दुरुस्ती दोनदा करायची, आणि वर्षअखेरीला दोन्हींची बेरीज हातानं. पण आहे ती फाईलही नकोशी झाली होती. स्क्रीनवर एक साधा रकाना वाढवायचा म्हटलं तरी दोघांना उठवून जिन्यावर बसवावं लागे, कारण कोणी फाईल उघडून बसलं असलं की तिला बदल करता येत नसे. ती हो म्हणाली.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी तिने सकाळीच काम सुरू केलं. तोडायच्या आधी तिने सगळे आकडे काढून ठेवले. नोंदी दोन्हीकडे बरोबर वाटल्या गेल्या. घरटी जुळली, अंडी जुळली. मग तिने बिल्लेवाली कासवं मोजली. जुन्या एकत्र फाईलमध्ये ती एकतीस होती. आता देवबागची चौदा आणि तळाशीलची अठरा.

बत्तीस. एक कासव कुठून आलं?

तिने पुन्हा मोजलं. पुन्हा बत्तीस. मग दोन्ही याद्यांमधले बिल्ल्यांचे नंबर शेजारी लावून वरून खाली बोट फिरवत गेली, आणि थांबली. चारशे सतरा. बारा जानेवारीला देवबागेत, चार फेब्रुवारीला तळाशीलमध्ये.

काकांनी नंबर चुकीचा टाइप केला असणार, हा तिचा पहिला विचार. तिने दोघांनाही फोन करून वह्या घेऊन बोलावलं.

काका आले ते तावातावानेच. "माझी चूक नाय. ह्या बघ, चारशे सतरा. पाठीच्या मागच्या कडेक खाच, बशीचो टवको उडाल्यासारी."

मावशी वही उघडता उघडता थबकल्या. "खाच? उजव्या बाजूक?"

"होय. तुका कसा ठावक?"

"कसा ठावक म्हणजे? मी तिच्यापासून तीन हातार बसलंलंय!" मावशींनी वही फिरवून पुढे केली. पेन्सिलीने काढलेलं कासव, आणि उजवीकडे मागे छोटीशी खाच.

काकांनी आपली वही तिच्या शेजारी धरली. मग काका खुर्चीतून उठले. "अगो, म्हणजे आमच्याकडे अंडी घालून ता तुझ्याकडे इला!"

संचिता हसतच सुटली. तळाशील गटात आल्यापासून एकच कासव दोन्ही किनाऱ्यांवर सापडलं, असं कधी झालं नव्हतं. किंवा झालं असेल, पण बघायचं तिला सुचलंच नव्हतं. फायली महिन्याभरापूर्वी तोडल्या असत्या तर चारशे सतरा ही दोन अनोळखी कासवं होऊन बसली असती.

आणि तेव्हाच तिला कळलं की फाईल तोडायलाच हवी, फक्त चीर चुकीच्या जागी पडत होती.

"ऐका," ती म्हणाली. "नोंदी सगळ्यो एकाच फायलीत ऱ्हवतल्यो. स्क्रीन तेवढी भायर काढतंय, दुसऱ्या फायलीत. तिची एक प्रत काकांका, एक मावशेक. काकांच्या स्क्रीनीतसून तळाशीलचा दिसात, पण पुसाक गावाचा नाय. आणि माका स्क्रीन बदलूची झाली तर कोणाक उठवूक नको."

"म्हणजे चुली दोन, घर एक," मावशी म्हणाल्या.

"तसाच."

तीन दिवसांत झालं. काकांनी पहिल्याच बैठकीला तळाशीलचं एक घरटं पुसायचा प्रयत्न करून बघितला. स्क्रीन नाही म्हणाली. त्यांनी चार वेळा बघितलं आणि चारही वेळा खूश झाले. संचिताने आणखी एक गोष्ट केली. बिल्ल्याचा नंबर टाकला की ते कासव आधी कुठे कुठे दिसलं ते खाली उमटायचं. आता दोघंही प्रत्येक नंबर टाकताना श्वास रोखून बसत.

मार्चच्या अखेरीस तळाशीलहून फोन आला. चारशे सतराच्या घरट्यातली वाळू खचली होती, म्हणजे पिल्लं आता निघणार. काका आपल्या घरचं अख्खं बिऱ्हाड रिक्षात घालून सकाळी सातलाच हजर झाले. हातात गुळाच्या मालवणी खाज्याची पिशवी आणि नारळ. संचिता मोजणीची वही घेऊन आधीच पोचली होती.

"ह्या कित्याक?" मावशींनी विचारलं.

"पयला बाळंतपण म्हायेराक होता. ता देवबागेत झाला. आमी म्हायेरची माणसा."

मावशींनी कमरेवर हात ठेवले. मग हसू आवरेना. "बरा. तळाशील सासर तर सासर. मगे विहीणबाई आमी, आमका मान द्या!"

तेवढ्यात वाळूतून पहिलं काळं डोकं वर आलं, मग एकदम दहा-बारा. काका मोठ्यानं मोजायला लागले. सत्तावीसपर्यंत पोचले आणि चुकले, कारण त्यांची नात ओरडली, "आजोबा, पायाकडे बघा!" ते एका पायावर उभे राहिले. दुसरा पाय हवेत धरून, मावशींच्या खांद्याचा आधार घेऊन. पिल्लं त्यांच्या पावलाला वळसे घालत ओल्या वाळूपर्यंत गेली, पहिली लाट आली, आणि सगळा किनारा टाळ्या वाजवायला लागला.

संचिताने मोजणी सोडून दिली आणि तीही टाळ्या वाजवू लागली.