निळ्या फुलीचं कापड

"निघताना जो कप्तान वाऱ्याबद्दल माणसांना विचारत नाही, त्याच्या जहाजावर नवऱ्याला चढू देऊ नकोस," असं फूक्ये मावशीने मला मे महिन्यात आमच्या गावी, हार्लिंगेनच्या धक्क्यावर सांगितलं होतं. मावशी तीस वर्षं नवऱ्याच्या जहाजावर राहिलेली. पण माझी लेक जेल्त्ये तेव्हा दोन महिन्यांची होती आणि सल्ल्यांचा मला उबग आला होता. दुपटं घट्ट बांध, दुपटं सैल सोड, खिडकी उघडू नकोस, रात्री तिच्या नाकाशी हात धरून बघत बसू नकोस, दृष्ट लागते. त्यातलंच हेही एक असं धरून मी हसले. म्हटलं, "मावशी, कप्तान दौवे सिप्केस काही परका नाही. चर्चमध्ये आमच्या दोन बाकं पुढे बसतो."

"बाकावर वारा नसतो," मावशी म्हणाली आणि मासे साफ करायला बसली.

ती काय म्हणत होती ते मला कळायला हवं होतं. माझे वडील नोटरी. मुलगा नव्हता म्हणून त्यांनी मला लिहायला शिकवलं, थोडं लॅटिनही शिकवलं. ते गेल्यावर त्यांच्या जागी आलेल्या नोटरींकडे मी नकला उतरवण्याचं काम करते. खलाशी आणि कप्तान यांच्या भांडणांच्या जबान्या माझ्या हाताखालून कितीतरी गेल्या आहेत. मांस नासकं होतं, ठरलेल्या बंदराच्या पुढे नेलं, जहाजाच्या पुढच्या टोकापर्यंत पाठलाग करून मारलं. जुना समुद्री कायदा मला जवळजवळ पाठ आहे. नांगर उचलण्याआधी कप्तानाने सगळ्यांना विचारायचं असतं, मंडळी, हा वारा कसा वाटतो? बहुतेक जण नको म्हणाले तर थांबायचं. शेकडो वेळा मी हे लिहिलंय, पण माणूस आपल्या घरातल्यांबद्दल जरा वेगळ्याच कायद्याने विचार करतो.

तर माझा नवरा हिल्के दौवेच्या जहाजावर चढला. लाकूड आणायला नॉर्वेला गेले. जहाज ऑक्टोबरच्या नऊ तारखेला परत आलं. मी जेल्त्येला घेऊन धक्क्यावर उभी होते. फळीवरून एकेक जण उतरला आणि मी मोजत गेले. हिल्के उतरला नाही.

दौवे कप्तान सगळ्यांत शेवटी आला. माझ्यासमोर थांबला, टोपी काढली नाही.

"त्याला काढून टाकला," तो म्हणाला. "तीनदा कापड उचललं. स्वतःच्या पायांनी गेला."

"कुठे गेला?"

"ते त्यालाच विचार बाई. माझा आता संबंध नाही."

आमच्याकडच्या जहाजांवर जेवताना प्रत्येकापुढे त्याचं स्वतःचं कापड असतं, घरून आणलेलं. कप्तानाला एखादा नकोसा झाला तर जेवणाच्या वेळी तो त्याच्यापुढचं कापड उचलतो, त्या वेळी त्याला वाढत नाहीत. मधल्या वेळात माणसाने चारचौघांत चूक कबूल केली तर मिटतं. नाही केली आणि तिसऱ्यांदा कापड उचललं गेलं, की माणूस कामावरून गेला. मग ते कापड कप्तान ठेवून घेतो. रागाच्या पहिल्या झटक्यात कुणी हाकलला जाऊ नये म्हणून कधीकाळी कुणा शहाण्याने हे ठरवलं असावं.

काढून टाकलेल्या माणसाचं पुढे काय होतं, याच्याशी कप्तानाला देणंघेणं नसतं. आजारी म्हणून उतरवलेल्या माणसाचं तसं नाही. त्याला घर बघून द्यावं लागतं, घरात दिवा द्यावा लागतो, शुश्रूषेला एक माणूस ठेवावा लागतो. शिवाय आमच्या गावच्या कुठल्याही जहाजाने त्याला परत आणायचंच असतं. काढून टाकलेल्याला कुणी चढवून घेत नाही. तेव्हा हिल्के यांतला कोण, यावर तो घरी येणार की नाही हे ठरणार होतं.

काय घडलं ते पुढच्या दोन दिवसांत तुकड्यातुकड्याने कळलं. नॉर्वेतल्या लँगेसुंद बंदरातून निघताना कप्तानाने विचारलं नाही. हिल्के म्हणाला, "कप्तान, वाऱ्याचं विचारलं नाहीत." कप्तान म्हणाला, "तुझ्या सासऱ्याच्या कचेरीत आहोत का आपण?" सगळे हसले. नांगर उचलला. संध्याकाळपर्यंत नैर्ऋत्येचा वारा असा सुटला की जहाज वळवून पुन्हा त्याच बंदरात आणावं लागलं. हिल्के त्यावर एक अक्षर बोलला नाही, पण शिट्टी वाजवत दोर गुंडाळत बसला, असं म्हणतात. मी त्याला ओळखते. ती शिट्टी बोलण्यापेक्षा वाईट असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी कप्तानाने त्याच्यापुढचं कापड उचललं. तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा. चौथ्या दिवशी काय झालं, यावरच सगळं अडलं होतं.

जुन्या कप्तानांचं मंडळ गावच्या वजनकाट्याच्या इमारतीत, वरच्या खोलीत बसतं. प्रमुख ओब्बे काका, ऐंशीच्या घरातले, एक डोळा पांढरा पडलेला. त्यांच्या दोन्ही बाजूंना आणखी दोघे. नेहमी टिपण घ्यायला मी असते. त्या दिवशी माझाच मामला म्हणून नोटरी स्वतः बसले आणि मी जेल्त्येला मांडीवर घेऊन भिंतीच्या बाकावर. तिला दात येत होते. माझ्या शालीचं टोक ती चावत होती आणि ते घशात जाईल की काय म्हणून माझा निम्मा जीव तिथे.

दौवेने मेजावर घडी केलेलं कापड ठेवलं. "हे तिसऱ्यांदा उचललेलं. रिनर्ट साक्षीला आहे."

रिनर्ट म्हणजे त्याच्या जहाजावरचा दुय्यम, त्याच्या बहिणीचा मुलगा. तो उभा राहिला. "चौथ्या दिवशी दुपारी कप्तानांनी हिल्केच्या जागेवरचं कापड उचललं. मी पाहिलं."

"हिल्के बसला होता?" ओब्बे काकांनी विचारलं.

"नाही. तो खाली निजला होता. अंगात जरा कसर आहे म्हणाला. पण त्याची जागा होती."

"मग संध्याकाळी?"

"संध्याकाळी होडीने किनाऱ्यावर गेला. होडीपर्यंत चालत."

मंडळातले दोघे आपसांत बोलू लागले. समोर नसलेल्या माणसापुढचं कापड उचलता येतं का? एक म्हणाले, "जागा म्हणजे माणूसच. उद्या कुणीही खाली निजून राहील आणि म्हणेल, मला काढलंच नाही." दुसऱ्यांनी मान डोलावली. ओब्बे काका हनुवटी खाजवत राहिले. माझ्या लक्षात आलं, हे तिकडे झुकतायत.

मी त्या कापडाकडे बघत होते. हिल्केचं कापड मीच शिवलंय. त्याच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याची फुली आहे, जेल्त्येच्या दुपट्यावर घातली त्याच दोऱ्याची. मेजावरच्या कापडाचे दोन कोपरे मला दिसत होते. नोटरींनी ते उलगडलं तेव्हा उरलेले दोनही दिसले. फुली नव्हती.

पण हे बोलून काही होणार नव्हतं. बायको तसं म्हणणारच, असं दौवे म्हणाला असता आणि नोटरींनी तेही लिहून घेतलं असतं. अशा जबान्या मी उतरवल्या आहेत. बायकांचं म्हणणं त्यांत शेवटी, बारीक अक्षरात येतं.

नंतर जहाजावरचा आचारी आउके उभा राहिला. जाडजूड, विचारलं तेवढंच बोलणारा माणूस. तुझ्यासमोर कापड उचललं का, असं त्याला विचारलं. तो म्हणाला, "मी भांड्यापाशी होतो. दिसलं नाही." झालं. तो बसायला लागला.

मी म्हटलं, "काका, मला याला एक विचारायचंय."

दौवे म्हणाला, "आता हे काय, जेवणाच्या पंगतीतही बायका?"

"पंगत तुझ्याच जहाजावरची आहे दौवे," ओब्बे काका म्हणाले. "विचार गं."

"आउके दादा, चौथ्या दिवशी त्यांनी काही खाल्लं का हो?"

"सकाळी पेज दिली मी, वहिनी. बार्लीची. चार चमचे खाल्ली. अंग भाजत होतं."

"कशात नेलीत?"

"कथिलाच्या वाडग्यात."

"कढत असेल."

"कढतच. हाताला चटका बसत होता, म्हणून त्याचंच कापड खुंटीवरून घेतलं, वाडग्याला गुंडाळलं आणि खाली नेलं."

"मग वाडगा परत आणलात?"

"वाडगा आणला. कापड त्याने सोडलं नाही. मुठीत धरून पडला होता. मी म्हटलं, असू दे. संध्याकाळी होडीत घालताना पण हातातच होतं."

खोलीतल्या सगळ्यांनी मेजावरच्या कापडाकडे बघितलं. आउकेला वाटलं आपलं काही चुकलं. तो म्हणाला, "निळी फुली होती ना त्यावर, तेच ते."

ओब्बे काकांनी मेजावरचं कापड डोळ्याजवळ नेलं, चारही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला आणि रिनर्टला विचारलं, "दुपारी हिल्केच्या जागी कापड कुणी मांडलं?"

रिनर्टने मामाकडे बघितलं. "मी. जहाजावरचंच एक होतं."

"आणि होडीत घालताना म्हणाला हा. घालताना. चालत गेला ना रे तो?"

दौवेच बोलला, आणि तेव्हा पहिल्यांदा त्याने टोपी काढली. "माझी आणखी चार माणसं होती खाली, एकाला एक लागून निजलेली. माझा भाऊ अशाच ताप पसरलेल्या जहाजावर मेला, सहा जणांबरोबर. काय करायला हवं होतं मी?"

"उतरवलास त्याबद्दल कुणी काही म्हणत नाही," ओब्बे काका म्हणाले. "घर बघून दिलंस?"

"गुनहिल्ड म्हणून एक विधवा आहे. जहाजं पाणी भरतात त्या झऱ्याच्या वरच्या अंगाला. तिच्या दारात ठेवला."

"दारात. दिवा?"

"जहाजावर तीनच मेणबत्त्या उरल्या होत्या."

"माणूस?"

दौवे हातातली टोपी फिरवत राहिला. मी त्याच्याकडे बघत होते. राग यायला हवा होता. पण मला एवढंच दिसत होतं की या माणसाने दार वाजवलं की नाही, हेही मला कधी कळणार नाही. मी विचारलं तर तो वाजवलं म्हणेल.

मंडळाने लिहून दिलं, हिल्के ताम्मेस काढून टाकलेला नाही. आजारी म्हणून उतरवलेला आहे. त्याला बघणं, ठेवणं आणि आणणं दौवे सिप्केसकडे लागतं. दौवेने खाली सही केली. कागद पक्का आहे. पण आमच्या गावची जहाजं आता मार्चपर्यंत बंदरात बांधलेली, आणि मंडळाचा कागद नॉर्वेला आपोआप पोचत नाही.

घरी येताना फूक्ये मावशी भेटली. मी म्हटलं, "मावशी, तुझं ऐकायला हवं होतं." ती म्हणाली, "ते आता राहू दे. किती नकला उतरवतेस दिवसाला?" म्हटलं, "सहा होतात." ती म्हणाली, "मग बस."

म्हणून हे बसून लिहिते आहे. आजारी माणसाला बघा एवढं दोन ओळींत लिहिता आलं असतं. पण लँगेसुंदच्या धक्क्यावर कुणीतरी म्हणेल, तो काढून टाकलेला, त्याच्या वाटेला जाऊ नका. तेव्हा सगळं तुम्हाला ठाऊक असावं. याच्या नकला एम्डनला, होर्नला, हॅम्बुर्गला, जिथून अजून जहाजं सुटतात तिथे पाठवल्या आहेत. प्रत्येकीबरोबर दोन मेणबत्त्या आहेत.

तुम्ही हे वाचत असाल आणि तुमचं जहाज तिकडे जात असेल, तर झऱ्याच्या वरच्या अंगाला गुनहिल्डचं घर विचारा. तो उंच आहे, डाव्या भुवईत खाच आहे, आणि कापड अजून त्याच्याजवळ असेल. मेणबत्ती द्या. तो झोपलेला असला तर उठवू नका. नाकाशी तळहात धरा, दहा मोजेपर्यंत. ऊब लागली तर जेल्त्येला वरचे दोन दात आले एवढं त्याच्या उशाशी लिहून ठेवा. जे काही असेल ते मला परतीच्या जहाजाने कळवा. एकदा बघून या.