मला सतराने भाग जातो

मित्रांनो, मी एक जुनी संख्या आहे. किती जुनी म्हणाल, तर मला जन्मतारीखच नाही. आठ वेळा तीन लिहा आणि शेवटी एक, झाले माझे नाव: तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस. अंगभर तिनांचे दागिने, पण अंकांची बेरीज पंचवीस, म्हणून तीन काही मला भागू शकत नाही. याचा मला थोडा तोरा आहे.

माझ्याआधी सात बहिणी. एकतीस, तीनशे एकतीस, तीन हजार तीनशे एकतीस, अशा चढत गेलेल्या. सातही जणी मूळ संख्या, म्हणजे एक आणि स्वतः सोडून कोणीच त्यांना पुरते भागत नाही. मी आठवी, आणि मी मूळ नाही. मला सतराने भाग जातो. पण आम्हा संख्यांना आपणहून बोलता येत नाही. कोणी नीट भागून पाहिले, तरच आम्ही खरे सांगतो.

नरहरपंत भोपाळच्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. मिसरोदच्या फ्लॅटमध्ये ते आणि सिंधूताई रोज संध्याकाळी माझी वही घेऊन बसत. आमच्या घराण्यात सगळ्याच मूळ, असे पंतांच्या मनाने घेतले होते. मी मूळ ठरले की मराठी मंडळात ते व्याख्यान देणार होते, आयुष्यात पहिल्यांदा. कॅल्क्युलेटर म्हणजे त्यांच्या लेखी कॉपी. शंभराच्या आतल्या पंचवीस मूळ संख्यांनी मला भागायचे काम सिंधूताईंचे. पुढचे, माझ्या वर्गमुळापर्यंतचे, म्हणजे अठरा हजारांच्या वरपर्यंतचे, पंतांचे; त्यापलीकडे भागून पाहायची गरज नसते.

बिट्टन मार्केटमधून आणलेला मटार सोलता सोलता सिंधूताईंनी मला सतराने भागले. सतरा आठे एकशे छत्तीस, तिथे एकशे अडतीस पडले. बाकी उरली चार. मी नुसती तळमळले. कारखान्यात दुसऱ्याचे माप स्वतः पुन्हा घेतल्याशिवाय पंत सही करत नसत, पण बायकोचे पान त्यांनी एकदाही पडताळले नाही. "घरात कसली तपासणी?" म्हणायचे.

मग तीन वर्षे ते मला भागत राहिले. डोळ्यांचे ऑपरेशन झाले, हात कापू लागला, तरी रोजचे दोन-तीन भागाकार कधी थांबले नाहीत. इतके लाड माझे कोणीच केले नव्हते. आणि सगळे फुकट चालले होते.

शेवटी भागाकार संपले. व्याख्यान रविवारी होते. गुरुवारी नात जुई मोबाइलवर आमंत्रण तयार करत होती. तिने सहज मला भागून पाहिले.

"आजोबा, हा नंबर तो सतराने कटतोय! पूरा पूरा, बाकी झीरो."

पंतांनी वही उघडली. सतराचे पान सिंधूताईंच्या अक्षरातले. त्यांनी त्यावर तळहात ठेवला. "माझीच चूक. घाईत केलं असेल."

"हात काढा," सिंधूताई म्हणाल्या. "माझं अक्षर मला कळत नाही होय?" पानावरच्या एकशे अडतीसवर त्यांनी बोट ठेवले. "तेव्हाच एकदा बघायचं होतं हो तुम्ही. मी काय रागावले असते?"

व्याख्यान रद्द झाले. नवी संख्या घ्यायला पंतांकडे आता ना नजर उरली आहे, ना वर्षे. संध्याकाळी दोघे टीव्हीसमोर बसतात. सिंधूताई कुकरच्या शिट्ट्यासुद्धा जुईला मोजायला सांगतात.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मला काही होत नाही. पण ज्यांच्यावर तुमचा जीव आहे, त्यांचे काम एकदा पडताळून बघत जा. त्या संध्याकाळी बघितले असते, तर एकच पान वाया गेले असते.